सातव्या ब्लॉकवर पाणी मारा

"तू राहू दे. तुझं काम पूजा झाल्यावर. कुंकू पुसायला कुणीतरी लागेलच की."

आयुधपूजेचा दिवस. हेब्बाळच्या आमच्या ऑफिसातली कंट्रोल रूम झेंडूनं भरलेली. दाराला केळीचे खुंट बांधलेले. उंबऱ्याशी फोडायला कोहळा आणून ठेवलेला. बेंगळुरूत या दिवशी बसपासून झेरॉक्सच्या मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी आमच्या कॉम्प्युटरांचीही होते. ज्याचं टेबल, त्यानं आपल्या टेबलाला हळदकुंकू लावायचं. माझी पाळी आली. मी बोट वाटीत बुडवलं, आणि साहेब हे बोलले.

हसत बोलले. हळू नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं. मराठीत.

खोलीत पंधरा माणसं होती. मराठी कळणारी दोनच. ते आणि मी. बाकीच्यांनी पाहिलं, साहेब हसतायत, म्हणून तेही हसले. त्यांना वाटलं, साहेब आपल्या भाषेतल्या पोरीशी काहीतरी गोड बोलले.

आणि मी? मीही हसले. बोट ओढणीला पुसलं आणि मागं सरकले.

शिवण्णा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. सगळ्यात जुने ऑपरेटर, रिटायर व्हायला आलेले. त्यांनी विचारलं, "एन् हेळिद्रु साहेब्रु?" काय म्हणाले साहेब?

मी म्हणाले, "हब्बद शुभाशय." सणाच्या शुभेच्छा दिल्या.

म्हणजे शिवी खाल्ली मी, आणि तिचं गोड भाषांतरही मीच केलं. त्याची लाज अजून जात नाही. म्हणून ते आधी सांगून टाकलं.

कंपनी मोठी आहे. देशभर वीज देणारी. कोळशावर वाढली, आता उन्हावर आणि वाऱ्यावर वीज काढते. बेंगळुरूच्या या खोलीतून तिच्या सौरप्रकल्पांवर नजर ठेवतात. भिंतभर पडदा. पडद्यावर हिरवे-लाल चौकोन. एक चौकोन म्हणजे पॅनेलांचा एक ब्लॉक. तिकडं माळावर ढग आला की इकडं एसीत बसून आम्हाला कळतं.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. परीक्षा देऊन आले. सीमाभागातल्या तालुक्याच्या गावची. घरात मराठी, शाळेत कन्नड. आई नगरपालिकेत झाडूवाली होती. हे मी कधी लपवलं नाही. आणि ओरडत फिरले असंही नाही.

पहिल्या दिवशी साहेबांनी नाव विचारलं आणि एकदम मराठीवर आले. पुण्याचे. आता इथं बसवनगुडीत घर. "वा, आपलं माणूस!" म्हणाले. मला भरून आलं. गाव सोडल्यावर फोनशिवाय मराठी कानावर पडत नव्हतं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग गाव. त्यांची मावशी त्याच गावात दिलेली निघाली. "शाळेकडं घर का ओढ्याकडं?" असं विचारलं. मी म्हटलं, ओढ्याकडं. साहेबांनी मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते उत्तर मिळालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मला पॅनेल-सफाईचं टेबल मिळालं. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी होते. कुठल्या ब्लॉकवर किती धूळ आहे, तो कधी धुवायचा, टँकर किती लागतील, माणसं किती, हे बघायचं. कामाला मी नावं ठेवत नाही. कामात डोकं लागतं. पण ते माझ्याकडं डोक्यामुळं आलं नव्हतं. साहेब म्हणाले, "तुला शिकवायला लागणार नाही. रक्तातच आहे." ही सगळ्यांसमोर दिलेली शाबासकी. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्यांची रीतच ती. मेलवर इंग्रजीत लिहायचे, मॅडम. मीटिंगमध्ये हिंदीत बोलायचे, मॅडम, आप. मराठीत तू. जे कागदावर येऊ शकतं ते स्वच्छ. जे येऊ शकत नाही ते सगळं माझ्या आईच्या भाषेत. चारचौघांच्या मध्ये उभं करून, एकटीला.

आईला फोनवर सांगितलं होतं की साहेब मराठी आहेत. ती म्हणाली, "आपल्या भाषेतला सायब मिळालाय म्हणं. बरं झालं बाई, परमुलखात आधार." आता तिला काय सांगणार? मी म्हटलं, हो आई, आधारच आहे.

जानेवारीत साइटवर गेले. बेंगळुरूपासून चार तासांवर, नुसता माळ, नजर पोचेल तिथवर काळी पॅनेलं. धुणाऱ्या सगळ्या ठेकेदारानं रोजावर लावलेल्या बायका. त्यांची मुकादम रेणुकम्मा. माझ्या आईपेक्षा थोडी लहान. तिनं मला जवळ बसवून आपल्या डब्यातला मुद्दे, नाचणीच्या उकडीचा गोळा, मोडून दिला आणि मग म्हणाली, "अक्का, सातव्या ब्लॉकात उजाडल्यावर पॅनेलला हात लावला की मुंग्या येतात. मल्लप्पाला सांगितलं. तो म्हणतो, थंडीनं येत असतील."

मल्लप्पा म्हणजे साइटचा सुपरवायझर. थंडीनं मुंग्या! मी त्याला विचारलं तर हसून दुसरीकडं बघायला लागला.

परत येऊन मी सातव्या ब्लॉकच्या नोंदी काढल्या. रोज सकाळी तिथं इन्सुलेशनचा अलार्म यायचा. म्हणजे वीज कुठंतरी तारेतून बाहेर झिरपतेय. सगळे म्हणायचे, दव पडतं, ऊन वाढलं की जातो. बाकीच्या ब्लॉकांत जायचाही. सातव्यात तो दुपारी दोनला पण उभा होता. दोन वाजता कुठलं दव? जमिनीखालची केबल उंदरांनी कुरतडली असेल, नाहीतर टाकतानाच सोलली असेल. उकरून बघायलाच हवं होतं.

आणि एक गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. पॅनेल बंद करता येत नाही. मशीन बंद करा, बटणं दाबा, कुलपं लावा. ऊन आहे तोवर पॅनेल जिवंत. म्हणून धुणं उजाडण्याआधी नाहीतर सूर्य मावळल्यावर. भर उन्हात कधीच नाही.

मी मेल लिहिला. रेणुकम्माच्या मुंग्यांसकट. सातवा ब्लॉक बंद ठेवून केबल तपासावी, तोवर तिथं पाणी मारू नये. उत्तर आलं, "प्लीज डिस्कस." एवढंच. मग चर्चा तोंडी झाली. मराठीत. "मार्च जवळ आलाय. ब्लॉक बंद करून मी वर काय सांगू? एका बाईच्या हाताला गुदगुल्या होतात म्हणून?"

मी पुन्हा मेल लिहिला नाही. अलार्म तसाच राहिला. रोज सकाळी येऊन बघायचे, तर तो लाल ठिपका आहेच. काहीतरी होणार हे मला कळत होतं. कळत असून मी रोज चहा प्यायचे, डबा खायचे, घरी जायचे.

मार्चमध्ये दिल्लीहून पाहुणे येणार होते. प्रकल्प बघायला, फोटो काढायला. ते दुपारी साइटवर पोचणार. सकाळी दहाला साहेब कंट्रोल रूममध्ये आले. माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावरच्या सातव्या ब्लॉकवर बोट ठेवलं. रस्त्याला लागून तोच ब्लॉक. पाहुण्यांची गाडी तिथूनच जाणार.

"हा धुऊन घे. लगेच."

मी म्हटलं, "सर, अलार्म आहे. आणि ऊन चढलंय."

"अगं, धुवायचंय, रॉकेट सोडायचं नाहीये. तुझ्या आईनं कधी विचारलं होतं का, गटार आज काढू का उद्या काढू? सांगितलं की काढायचं."

शिवण्णा शेजारी होते. आणखी तिघं होते. कुणाला एक अक्षर कळलं नाही. साहेब हसत होते ना!

साइटला हुकूम द्यायचा तो कंट्रोल रूमच्या फोनवरूनच. ती लाईन रेकॉर्ड होते. नियम असा की काय करायचं ते सांगा, आणि कुणाच्या सांगण्यावरून तेही सांगा. नियम भिंतीवर फ्रेम करून लावलाय. पण रेकॉर्डवर साहेबांचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्या ऑफिसची खरी रीत. कुणी शिकवत नाही. आल्या आल्या आपोआप कळते.

मी फोन उचलला. मल्लप्पाला म्हटलं, "एळने ब्लॉक तोळेसिबिडि. स्वल्प बेग." सातवा ब्लॉक धुऊन घ्या. जरा लवकर.

तो म्हणाला, "ईगले? आता? मॅडम, ऊन..."

मी म्हटलं, "हौदु." हो.

बस. साहेब नाहीत, अलार्म नाही, गटार नाही, आई नाही. सगळं गाळून स्वच्छ करून मी पुढं पाठवलं. धुणं तिथं व्हायच्या आधी माझ्या तोंडात झालं होतं.

पावणेअकराला साइटवरून फोन आला. रेणुकम्मा. ओल्या पॅनेलवर लांब दांड्याचं फडकं फिरवत होती. दांडा अॅल्युमिनियमचा. चिकटली. पोरींनी लाकडानं मारून सोडवली. जिवंत होती. पाहुण्यांना दुसऱ्या फाटकानं आत नेलं.

चार दिवसांनी मी दवाखान्यात गेले. जिल्ह्याच्या गावी. उजवा हात खांद्यापर्यंत गुंडाळलेला. तीन बोटं काढली होती. मी खाटेशी उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. ओरडली नाही. रडली नाही. म्हणाली, "नीवे अल्वा अक्का, हेळिद्दु? तुम्हीच ना अक्का, सांगितलं? फोनवर आवाज तुमचाच होता ना? मल्लप्पानं स्पीकर लावला होता. मी म्हटलं, अक्का सांगतायत म्हणजे तपासलं असेल. म्हणून हात घातला."

माझा आवाज ऐकून तिनं हात घातला.

साहेब सांगते तर तिनं दहादा विचार केला असता. मल्लप्पाचं तर तिनं ऐकलंच नसतं. तिनं माझं ऐकलं, कारण मी तिच्यातली होते, तिच्या डब्यातलं खाल्लं होतं. आणि साहेबांना हे ठाऊक होतं. मला त्या टेबलावर बसवलं होतं ते याचसाठी. धुणाऱ्यांना धुवायला लावायला त्यांच्यातलीच एक. शिकलेली, कन्नड येणारी, हसणारी.

मी दवाखान्याच्या जिन्यात बसले आणि रडले नाही. संताप आला. आधी स्वतःचा, मग त्याचा. तोवर मनातसुद्धा मी त्याला अहो-जाहो करत होते. तिथून पुढं केलं नाही.

चौकशीला तीन माणसं आली. हिंदी बोलणारी. मीटिंग रूममध्ये पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. शिवण्णांना साक्षीला बोलावलेलं. साहेब माझ्या समोर बसला होता. माझं निवेदन टाईप होऊन तयार होतं. मी लिहिलेलं नव्हतं. "मी माझ्या अधिकारात, वरिष्ठांना न कळवता, सातवा ब्लॉक धुण्याची सूचना दिली." पुरावा म्हणून रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज. एळने ब्लॉक तोळेसिबिडि. गोड आवाज आहे माझा. त्या दिवशी मला कळलं.

चौकशीच्या अध्यक्षांनी कागद पुढं सरकवला. मी पेन उचललं नाही.

साहेब पुढं झुकला. चेहऱ्यावर तीच माया. मराठीत म्हणाला, "सही कर आणि मोकळी हो. तुम्हा लोकांच्या घरात एक डाग वाढला तर कुणाला दिसणार आहे? कोट्यातली नोकरी कोण काढून घेतंय तुझी? मी सांभाळून घेईन."

अध्यक्षांनी विचारलं, "क्या कह रहे हैं?"

"समझा रहा हूँ, सर. बेटी जैसी है. घबरा गई है."

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, इन्होंने जो कहा, वो मैं बताती हूँ." आणि सांगितलं. शब्दाला शब्द. डाग, कोटा, तुम्हा लोकांच्या घरात. मग मार्चमधलं सांगितलं, गटारासकट. मग मागं गेले. रक्तात आहे ते. कुंकवाचं ते. दीड वर्षाचं सगळं. आधी हिंदीत, मग शिवण्णांकडं वळून कन्नडात. ज्या ज्या वाक्याला ते हसले होते ते प्रत्येक वाक्य.

साहेबाचा चेहरा पांढरा पडला. "झूठ है," म्हणाला. मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाला, "तुला महागात पडेल." मी तेही हिंदीत सांगितलं.

मग शिवण्णा मोडक्या हिंदीत बोलले. "त्या दिवशी फोनच्या आधी साहेब हिच्या खुर्चीमागं उभे होते. काय म्हणाले ते मला कळलं नाही. पण त्यांचं बोट सातव्या ब्लॉकवर होतं. मी पाहिलं." पेन्शन जवळ आलेला माणूस.

शेवटी मी म्हटलं, "रेकॉर्डिंगमधला आवाज माझा आहे. अलार्म मला माहीत होता. त्या बाईच्या बोटांना मीही जबाबदार आहे, ते लिहा. पण एकटी मी नाही. तेही लिहा."

तिसऱ्या दिवशी इतिवृत्त आलं. त्यात होतं, "कर्मचारी भावनाविवश झाल्या व त्यांनी प्रादेशिक भाषेतील काही वैयक्तिक बाबींचा उल्लेख केला." शिवण्णांचं बोट नव्हतं. धमकी नव्हती. मी सही केली नाही. सगळी वाक्यं हातानं लिहिली. वर मराठी, खाली हिंदी, त्याखाली कन्नड. आवक-जावकच्या खिडकीवर देऊन शिक्का मारून घेतला.

वकिलाकडं गेले. अॅट्रॉसिटीची तक्रार द्यायची होती. त्यानं विचारलं, "अपमान चारचौघांसमोर झाला का?" मी म्हटलं, पंधराजणांत झाला. म्हणाला, "त्यांना कळला का?" मी म्हटलं, नाही. साहेबाला कायदा माझ्यापेक्षा चांगला माहीत होता. पण आता चौकशीतलं वाक्य तीन परक्या माणसांनी त्याच खोलीत, त्याच्या देखत ऐकलंय, कळेल अशा भाषेत. टिकेल का, वकील म्हणाला सांगता येत नाही. मी म्हटलं, द्यायची.

मग बदलीची ऑर्डर आली. शिक्षाच. चौकशी लटकत ठेवली आणि मला त्याच माळावर पाठवलं. वर सावलीचं नाव नाही, खाली विंचू, क्वार्टरला पाणी एक दिवसाआड. आज मला इथं येऊन पाच आठवडे झालेत. सातव्या ब्लॉकचा अलार्म पडद्यावर दिसत नाही. गेला नाहीये, कंट्रोल रूममधून दाबून ठेवलाय. मी मीटर घेऊन स्वतः जाऊन मोजलं. झिरपणं वाढलंय. रेणुकम्माच्या जागी दुसरी मुकादम आलीय. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी सगळ्या बायकांना क्वार्टरसमोर बसवून सांगितलं. कुणाला काय झालं, कुणाच्या आवाजामुळं झालं, तेही. दोघी उठून गेल्या. बरोबरच केलं त्यांनी.

साहेब एक गोष्ट विसरला. कुठल्याही ब्लॉकवर पाणी मारायचं असेल तर साइट इंजिनिअरची परमिटवर सही लागते. मार्चमध्ये ती जागा रिकामी होती, सहीचं मल्लप्पाच भागवायचा. इथली साइट इंजिनिअर आता मी आहे.

काल टँकर आला. मल्लप्पानं परमिट पुढं केलं. पुन्हा कुणीतरी मोठं माणूस येणार आहे, पुन्हा रस्त्याकडचा ब्लॉक चकचकीत हवा. मी त्यावर लिहिलं, नामंजूर. कारण लिहिलं. टँकर परत पाठवला. तासाभरात साहेबाचा फोन आला. या वेळी मॅडम नाही, हिंदी नाही. "किती दिवस अडवशील?"

मी म्हटलं, "केबल उकरेपर्यंत."

"आणि नोकरी गेली तर?"

मी फोन ठेवला.

जाईल कदाचित. इथं दिवस कसे फिरतात ते मला दिसतंय. मल्लप्पा आता माझ्यासमोर फोन घेत नाही, बाहेर जाऊन बोलतो. दुसऱ्या कुणाला सहीचे अधिकार द्यायची फाईल निघालीय म्हणतात. निघू दे. तो कागद हातात पडेपर्यंत सातव्या ब्लॉकवर पाण्याचा थेंब पडणार नाही. तो कागद आला की मी फाटकात उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला तिच्या भाषेत सांगेन की तिथं हात घालू नकोस. आणि रेणुकम्माच्या अपघातासाठी वीज निरीक्षकानं पुढच्या महिन्यात साक्षीला बोलावलंय तिथं जाईन. पहिलं नाव माझं घेईन. दुसरं त्याचं.